दिवेलागणीआधीचा केर

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आज उजवा डोळा थोडक्यात वाचला. श्यामलाला मी "जरा खरचटलंय" एवढंच सांगितलं, पण रक्त तिनंच पुसलं, तिला काय कळायचं राहिलं. निदान इथं तरी खरं असू दे.

लाकूड कातायच्या लेथवर सिद्रचा वाडगा फिरत होता. सिद्र म्हणजे आपल्या बोरीचंच भावंड, लाकूड टणक. आत चीर होती ती मला दिसली नाही. पटाशी अडकली, खाडकन आवाज झाला आणि अर्धा वाडगा येऊन कपाळावर बसला. चार टाके. संरक्षण म्हणून तोंडावर काय होतं, तर वाचायचा चष्मा. सव्वीस वर्षं मस्कतमध्ये एका बांधकाम कंपनीचं खरेदी खातं सांभाळतोय. कामगारांसाठी हेल्मेटं, गॉगल, मास्क किती घेतले त्याला गणती नाही. आणि स्वतः हा असा. ऑफिसात कळलं तर शोभा होईल.

दवाखान्यातून येताना श्यामला म्हणाली, एक तर ते मशीन विका, नाहीतर तोंडाला काहीतरी धड घ्या. मशीन विकणार नाही. जूननंतर माझी जागा राहणार नाही, हे ऑफिसनं सप्टेंबरात गोड शब्दांत कळवलंय. त्रेपन्नाव्या वर्षी पुण्यात जाऊन मला कोण नोकरी देणार आहे? संध्याकाळी दोन तास लेथपाशी उभा राहिलो की तेवढा वेळ मी माणसात असतो. दोन वर्षांपूर्वी मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाकडून हे यंत्र घेतलं, अल मवालेहमधल्या आमच्या घराच्या गाडीच्या शेडमध्ये बसवलं, वाळू येऊ नये म्हणून तिन्ही बाजूंनी पत्रे मारून घेतले. गाडी तेव्हापासून उन्हात. एवढं एकच काय ते माझं आहे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

कपाळ ठणकतंय, तरी कामाला लागलो. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय हा माणूस कांदेसुद्धा घेत नाही, असं श्यामला येईल त्याला सांगते. सांगू दे. या डायरीतच ऑफिससारखा फॉर्म आखला. वस्तू: लाकूड कातताना तोंडावर लावायचं साधन. धोके दोन. पहिला उडणारा तुकडा, त्याला जाड काच हवी, कपाळापासून गळ्यापर्यंत. दुसरा म्हणजे पॉलिश पेपरनं घासताना उडणारी बारीक धूळ. ही जास्त वाईट. नेटवर वाचलं की भुसा लगेच खाली बसतो, पण ही धूळ मशीन बंद केल्यावरही तास-दीड तास हवेत तरंगत राहते आणि थेट फुप्फुसात जाऊन बसते. मला हे नवीनच. लाल शाईनं लिहिलं.

शेवटचा रकाना, वापरणारे किती. एक.

लिहीत होतो तेव्हा शेडमधून झाडल्याचा आवाज येत होता. मी आज मशीन थोडाच वेळ चालवलं, कपाळामुळं, पण श्यामलाचा नेम चुकत नाही. माझं बंद झालं रे झालं की ती केर काढायला घेते, कारण पाठोपाठ देवापुढं दिवा लागतो आणि दिवे लागल्यावर आमच्यात केर काढत नाहीत. तिच्या आईनं कधी काढला नाही, माझ्या आईनं नाही. मी आतूनच हाक मारून चहा मागितला. झाडून झाल्यावर दिला.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सकाळी गाडीनं रुस्ताकला गेलो. हारूनला जखम दाखवली. हारून म्हणजे माझा गुरू, साठीचा ओमानी बलुची, तिथल्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या मागं त्याचं कातकामाचं दुकान. कॉफी कुटायची उखळं, खाटांचे पाय, असलं काय काय करतो. हिंदी झकास बोलतो, मला सदीक म्हणतो, म्हणजे दोस्त. त्याचं स्वतःचं संरक्षण म्हणजे ओरखड्यांनी आंधळी झालेली एक काच आणि नाकावरून गुंडाळलेला डोक्याचा मुसर. मी त्याला मास्कांचे दर्जे, गाळण्या, सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं, खजूर पुढं केले, कहवा ओतला. दाढीसुद्धा अशी भरघोस की कुठलाच मास्क चिकटून बसायचा नाही. पण दाढीचं कसं बोलणार?

काम संपल्यावर त्याचं एक प्रकरण असतं. आधी जमिनीवर पाणी शिंपडतो, मग ओला भुसा ओढतो. दुकानाच्या मागंच अंघोळ करतो, कामाचा झगा तिथंच खुंटीला अडकवतो, तिथंच स्वतः धुतो, आणि पांढरीशुभ्र दिशदाशा, इथला पायघोळ अंगरखा, घालून घरी जातो. नमाजासाठी शुचिर्भूत होत असणार. या देशात सव्वीस वर्षं काढली ती एक नियम पाळून, दुसऱ्याच्या धर्माबद्दल विचारायचं नाही. त्याचं होईपर्यंत मी बाहेर गाडीत बसून राहिलो.

येताना त्याच्याकडून आंब्याचे चार ओंडके आणले. वाडीतलं जुनं झाड पडलं होतं, दोन पावसाळी वर्षं तसंच मातीत. आत काळ्या रेघा, कुणी बोरूनं काढल्यासारख्या. वेड लागेल इतकं सुंदर. हारून म्हणाला, सड़ा हुआ है, खुल्या हवेत कर, बंद जागेत नको. आमची जागा काही बंद नाही, पुढून उघडी आहे.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. मत्रहच्या बाजारात जाऊन नवी केरसुणी आणली. तिथला तो कच्छी म्हातारा दर दिवाळीला आमच्यासाठी एक बाजूला काढून ठेवतो, त्याच्या आजोबांपासून दुकान आहे. श्यामलानं केरसुणीला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. तेजश्रीनं फोटो काढून मैत्रिणींना पाठवला आणि खाली इंग्रजीत काय लिहावं हे मला विचारलं. सोळा वर्षांची पोर, सगळा जन्म मस्कतमध्ये. मी म्हटलं, लिही की हिच्यामुळं घरात लक्ष्मी टिकते.

आरतीच्या मध्ये श्यामलाला ठसका लागला. उदबत्तीचा धूर. आरती मी आणि तेजश्रीनं पुरी केली, तेजश्रीला दोनच कडवी येतात.

काच आलीय. चांगली आहे. तुकड्यापासून तरी सुटलो.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

काच आणि मास्क यांचं आपसात जमत नाही. रबरी मास्क घातला की दोन बाजूच्या गाळण्यांना काच अडते. काच वर केली तर मास्क कशाला? त्यात चष्म्यावर वाफ. शिवाय मास्क चिकटायला चेहरा साफ हवा, म्हणजे माझा फ्रेंच कट आड आला. लग्नाच्या आधीपासूनचा. आज दुपारी काढून टाकला.

श्यामलानं मला बघितलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला धरून हसत सुटली. अहो, तुम्हाला हनुवटीच नाही, म्हणाली, मला फसवलंत. इतकी हसली की खोकल्याची उबळ आली, खुर्चीवर बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी. मीही हसलो. या घरात फार दिवसांनी कुणी असं हसलं.

मास्क चिकटतो आता. श्वास ओढला की गालाला बसतो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

दुसरा मास्क मागवला होता, बुटका, काचेखाली बसेल असा. तो आला तर खोक्यात दोन निघाले, एक मध्यम, एक लहान. जोडीनंच येतात म्हणे. लहान मी परत केला आणि त्याच्या बदल्यात जादा गाळण्या घेतल्या. आमच्याकडं वापरणारा एकच. दुकानदार म्हणाला, राहू द्या, घरात कामाला येईल. मी सव्वीस वर्षं खरेदी खात्यात आहे, मला नको ते गळ्यात मारू नका म्हटलं.

श्यामलानं या बाबतीत फार मनावर घेतलंय. रोज संध्याकाळी मी शेडकडं निघालो की आतून विचारते, "अहो, मास्क लावलात का?" काम झालं की मास्क पुसून कपाटात ठेवते, गाळण्या भिंतीवर आपटून आपटून धूळ काढते, माझे कपडे अंगणात झटकते आणि मग धुण्याच्या मशीनला लावते. मी हे कधी सांगितलेलं नाही. या चंद्रशेखर कुलकर्ण्यांचा संसार कुणी चालवला असं कुणी विचारलं तर काय सांगायचं मला ठाऊक आहे. तिला मात्र सांगितलं नाही कधी.

आंब्याचा पहिला वाडगा झाला. काळ्या रेघा काठापर्यंत गेल्यात.

शुक्रवार, ६ डिसेंबर

तेजश्री मला गच्चीवर घेऊन गेली. काहीतरी महत्त्वाचं असलं की ती असं करते. म्हणाली, "बाबा, आईचा खोकला... इट्स लाइक, दोन महिने झाले. जातच नाहीये." मी म्हटलं हवा बदलतेय, एसी आहे, तिला थंड पाणी प्यायची सवय. तिनं बोटानं कठड्यावरची धूळ पुसून मला दाखवली. मी म्हटलं वाळवंटात राहतो आपण, बाळा, धूळ असायचीच.

तरी क्लिनिकमध्ये नेऊन आणलं. ॲलर्जी. गोळ्या, सिरप, आठ दिवस. श्यामला म्हणाली बघा, उगाच फेरी झाली.

मंगळवार, १७ डिसेंबर

ऑफिसात माझ्या जागेवर यायचा यासिर आज माझ्याकडून फाइली समजून घेत होता. चांगला मुलगा, दर वाक्याला सर म्हणतो. मलाच त्याचा राग धरता येत नाही, म्हणून स्वतःचा येतो. घरी आलो, तीन तास लेथ चालवला. जेवलो नाही.

शुक्रवार, ३ जानेवारी

ठरलं. मोटरवालं हेल्मेट घेणार. मागच्या बाजूला पंखा, तो हवा ओढतो, गाळतो आणि स्वच्छ हवा आत तोंडावर सोडतो. काचही त्यातच, गाळणीही त्यातच, वाफ नाही, चिकटवायची भानगड नाही. दाढी असली तरी चालते म्हणे, म्हणजे माझा फ्रेंच कट उगाच गेला. तीन कोटेशनं घेतली, एक दुबईहून. किंमत बघून कोटेशनं मिटून ठेवली होती, पण श्यामलानं स्वतः सांगितलं, घ्या. तुमच्या छातीपेक्षा काय मोठं आहे, म्हणाली.

मला वाटतं गेल्या वर्षभरात मला कुणी एवढं चांगलं काही बोललं नव्हतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळाचे लाडू वळता वळता श्यामला मध्येच थांबली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पाक कडक झाला, अर्धे लाडू वाया. दम लागला म्हणाली. लाडू वळताना कुणाला दम लागतो? वजन वाढलंय म्हटलं तर उलट पाच किलो कमी भरली. खरं तर बरं दिसतं तिला.

हेल्मेट कस्टम्समध्ये अडकलंय. तीन फोन केले, तीनदा इन्शाल्ला. माझं डोकं उठलं, तिच्यावरच ओरडलो. तिनं तीळ गोळा केले.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आलं. काय वर्णावं? डोक्यावर घातलं, बटण दाबलं आणि कपाळावर गार वारा. महाबळेश्वरला कॉलेजची सहल गेली होती तेव्हाची हवा आठवली. समोर धुळीचा ढग उठलाय आणि मी आत बसून तो नुसता बघतोय. आणखी एक फायदा कुठल्याच माहितीपत्रकात नाही. पंख्याच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. ना टीव्ही, ना फोन, ना घरातला खोकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोक्यात शांतता होती.

आता घाईही नाही. काम लांबतं. श्यामलाला दिवेलागणीची घाई असते, मग ती मशीन चालू असतानाच एका कडेनं झाडायला घेते. तिला ढगातून वाकून फिरताना बघितलं. पदर नाकाला लावला होता. मी हात केला, तिनंही केला.

फॉर्म बंद केला. निवड पूर्ण, अशी सही करून तारीख घातली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मला ऐकू आलं नाही. हे आधी लिहितो.

शेवटचा आंब्याचा वाडगा घासत होतो. खांद्याला कुणीतरी हिसका दिला, वळून बघतो तर तेजश्री, तोंड उघडं, आवाज नाही. तिनं मशीनची वायरच ओढली. मग हेल्मेट काढलं तेव्हा तिचं ओरडणं ऐकू आलं. श्यामला माझ्यापासून चार हातांवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळे. केरसुणी हातात तशीच. केर एका जागी गोळा केलेला होता, उचलायचा राहिला होता.

गाडीतून नेलं. ऑक्सिजन लावल्यावर तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाली, तर दिवा लावायचा राहिला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

छातीच्या डॉक्टर अमीरुन्निसा म्हणून आहेत, हैदराबादच्या. बारीक आवाजात बोलतात, सावकाश. सिटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली. मला त्यातलं काही कळत नाही, तरी खालच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं. त्या श्यामलाकडं वळून म्हणाल्या, "आप लकड़ी का काम कितने साल से करती हैं?"

श्यामला हसली. तिला वाटलं चुकून दुसऱ्या कुणाचा कागद आला. म्हणाली, "मैं कहाँ, ये करते हैं. मैं तो सिर्फ झाड़ू लगाती हूँ."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कधी, विचारलं. रोज, मशीन बंद होते ही, दिया-बत्ती से पहले. लाकूड कसलं? आंब्याचं, सडकं. कपडे कोण झटकतं? मीच. गाळण्या? मीच. मास्क?

"मुझे किसलिए?" श्यामला म्हणाली. "मास्क तो इनका है. बहुत अच्छावाला लिया है."

डॉक्टर माझ्याकडं वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावलं. लाकडाच्या बारीक धुळीत बुरशी असते, ती शरीराला सोसत नाही, फुप्फुस आतून घट्ट होत जातं, स्पंजाचं चामडं होतं. आता धूळ बंद, स्टेरॉइड चालू, वेग कमी होईल. झालेलं नुकसान भरून येणार नाही. कितना टाइम, मी विचारलं. त्यांनी श्यामलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. कागदावर घरी ऑक्सिजन असं लिहिलं.

तेजश्री बाहेरच्या बाकावर होती. तिला काय सांगायचं ते मराठीत सुचेना, इंग्रजीतही सुचेना.

गुरुवार, २० फेब्रुवारी

डॉक्टरांनी माझीही तपासणी सांगितली होती. एक्स-रे, नळीत फुंकायची चाचणी, सगळं केलं. निकाल स्वच्छ. माझ्या वयाच्या मानानं उत्तम. आप अपने वास्ते बहुत अच्छी चीज़ चुने, त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात टोमणा नसावा.

घरी येऊन फॉर्म काढला. तास-दीड तास हवेत तरंगते, हे माझ्याच अक्षरात, लाल शाईत. त्याच पानावर खाली, ती झाडत होती आणि मी चहा मागितला, हेही माझ्याच अक्षरात. वाचलं मी, लिहिलं मी. मला ते कळलंच नाही. वापरणारे: एक.

मला स्वतःची शिसारी येते. दुसरं काही लिहायला नाही.

शुक्रवार, ७ मार्च

लेथ पिकअपमध्ये घालून रुस्ताकला नेला. रमजान चालू, हारूनचा रोजा, दुकानात फक्त पंख्याचा आवाज. फुकट घे म्हटलं. त्यानं का म्हणून विचारलं, आणि मी सगळं सांगितलं, केरसुणीपासून.

मी खुंटीवरच्या झग्याकडं बघत होतो. म्हटलं, "हारूनभाई, मी समजत होतो तुम्ही हे नमाजासाठी करता. कपडे, पाणी."

"नमाज़ के लिए घर में दूसरा कपड़ा है," तो म्हणाला. "ये मेरी माँ के वास्ते."

त्याचा बाप सुतार. आई बापाचे कपडे घरी धुवायची, दुकानही तीच झाडायची. हारून लहान असतानाच ती खोकत खोकत गेली. तेव्हा लोक म्हणाले नजर लागली. बापानं मरेपर्यंत पुन्हा कामाचा कपडा घरात आणला नाही, आणि हारूनला शिकवताना पटाशी धरायच्या आधी पाणी शिंपडायला शिकवलं.

मी म्हटलं मला कधी सांगितलं का नाहीत? यात त्याचीही काही चूक आहे, असं मला ऐकायचं होतं.

"तूने पूछा नहीं, सदीक," तो म्हणाला. "तू हर बार उठके गाड़ी में बैठ जाता था. मैं समझा तेरेको हमारा तरीका पसंद नहीं."

खरं आहे. गाडीत बसून राहत होतो. आदर म्हणून.

लेथ त्यानं ठेवून घेतला. हेल्मेट घ्यायला नाही म्हणाला.

शुक्रवार, २१ मार्च

ऑक्सिजनचं मशीन आणलं. हवा घेतं आणि त्यातला प्राणवायू तेवढा पुढं सोडतं. घरघर अगदी हेल्मेटच्या पंख्यासारखी. दुकानातल्या माणसानं विचारलं, तोंडावर मास्क देऊ की नाकातली नळी? मास्क असेल तर माप कुठलं? मी लहान म्हणालो. तिच्या चेहऱ्याचं माप मी कधी घेतलेलं नाही, पण लहान लागणार हे मला माहीत होतं. नोव्हेंबरातही माहीत होतं. पहिल्याच दुकानातून घेतलं, कोटेशनं घेतली नाहीत.

मास्क लावून तिला बोलता येईना, म्हणून नळीच ठेवली. सात मीटरची नळी आहे. खाटेपासून देवघरापर्यंत पुरते, शेडच्या दारापर्यंत पुरते. मास्कच्या कपाटापर्यंत पुरत नाही. तिनं पहिल्याच दिवशी फिरून सगळं बघून घेतलं आणि कुठं कुठं जाता येतं ते तेजश्रीला सांगितलं. तेजश्री हल्ली आईशी फक्त मराठीत बोलते, अडखळत, शब्द विचारत विचारत. माझ्याशी कामापुरतं बोलते.

जूनमध्ये विमानानं पुण्याला न्यायचं तर डॉक्टरांचं पत्र लागेल. तोवर न्यायच्या अवस्थेत असली तर, असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. मीच म्हणतोय.

रविवार, ३० मार्च

पाडवा. ऑफिसातून लवकर आलो. तेजश्रीनं पडद्याच्या काठीची गुढी उभारली होती, वर स्टीलचं फुलपात्र. कडुनिंब इथं रस्त्याच्या कडेला हवा तेवढा. श्यामलानं खाटेवरून साखरेची गाठी बांधून दिली. श्रीखंड दोन चमचे खाल्लं, तेही आमच्यासाठी.

ऊन उतरलं तशी ती उठून शेडच्या दारातल्या खुर्चीवर येऊन बसली. म्हणाली, दिवे लागायची वेळ झाली, केर राहिलाय. शेडमध्ये लाकडाचा कण नाही, पत्रे मी उचकटून टाकलेत. वाऱ्यानं आलेली वाळू आहे नुसती. तरी सणाचा दिवस, घरात केर नको, हे तिचं म्हणणं. मी बादली आणली, पाणी शिंपडलं, आणि दिवाळीची केरसुणी घेतली. मला नीट झाडता येत नाही. ती कोपरे दाखवत होती.

मग थांबली, दोनदा श्वास घेतला आणि विचारलं, "अहो, मास्क लावलात का?"

मी नाही म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं.

खुर्चीच्या हाताला धरून उठली, पायात आलेली नळी बाजूला केली आणि कपाटाकडं निघाली. नळी पुरली तिथवर गेली आणि थांबली.